रणपट्टीवरची दोन पानं

भामाबाईनं पळसाची पानं पाण्यातून काढून पदरानं पुसली आणि बारीक काडीनं एकाला एक टाचायला घेतली. समोर खुर्चीत बसलेले उत्तमराव छापील पत्रिका हात लांब करून वाचत होते. शाळेतून निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण समोर माणूस दिसलं की त्यांना तो वर्गच वाटायचा.

"पौष वद्य अष्टमी. मौजे घोडजवळे गावचा रणदिवस. सकाळी दहा वाजता दोन्ही सैन्यांना नैवेद्य. यंदा शाळेला सुट्टी, ग्रामपंचायतीला सुट्टी. पुण्याच्या संशोधक बाई खास येतायत, भामाबाई. त्यांचं म्हणणं, आपल्या माणसांना नैवेद्य सगळेच दाखवतात. शत्रूलाही पान वाढणारं गाव त्यांनी दुसरं पाहिलं नाही."

"मी सकाळी जाती दरसालापरमानं."

"तेच सांगायला आलोय. यंदा दोघींनी एकदम पान ठेवायचं. पाहुण्यांसमोर."

भामाबाईच्या हातातली काडी मोडली. तिनं दुसरी घेतली.

"ती येनार हाय का?"

"राहीबाईंनी होकार दिलाय."

"दिला?"

"लगेच दिला. तुमचं पान आपल्या सैन्याचं, त्यांचं मोगलाईचं."

"ह्ये कुनी ठरवलं?"

"तुमचं शेत उगवतीला. आपलं सैन्यही उगवतीलाच होतं."

"तिला सांगितलंय का, ती मोगल हाय म्हनून?"

उत्तमरावांनी पत्रिकेची घडी घातली. "सांगितलं. म्हणाल्या, चालंल, आक्कापरीस मोगल बरे."

भामाबाईनं मान खाली घातली आणि पानं टाचत राहिली. हसू आलेलं उत्तमरावांना दिसू द्यायचं नव्हतं.

लढाई खरी होती. जुन्या कागदांत एका ओळीत का होईना तिचा उल्लेख आहे, असं उत्तमराव सांगत. पण ती जागा आजवर राहिली कशी, याचं श्रेय गाव पूर्वजांच्या भक्तीला देई. खरं श्रेय दोन भावांच्या हट्टाचं होतं. भामाबाईचा नवरा थोरला, राहीबाईचा धाकटा. वाटणीत मधली पट्टी कुणाची हे ठरेना. थोरल्यानं नांगर घातला की धाकटा काठी घेऊन आडवा यायचा. धाकट्यानं औत जुंपलं की थोरला बैलांपुढं आडवा पडायचा. शेवटी पंचांनी दोघांना बेलभंडारा उचलायला लावला, की कुणीच नांगर लावायचा नाही. पुढं चहूकडच्या माळांवर जेसीबी फिरले, टेकाडं सपाट झाली, कांदा आणि डाळिंब आलं. एक ही पट्टी तेवढी राहिली, तिच्यावरचे दगडांचे ढीग, मधला शेंदराचा मोठा दगड आणि बोरीच्या जाळ्या यांच्यासकट.

सासू जिवंत होती तोवर त्या दगडाला एकच पान असायचं. भांडण झालं आणि एका घरच्या पानाला दुसऱ्या घरचं चालेना. थोरली म्हणून भामाबाई सकाळी जायची, राही ऊन कललं की. एका साली तालुक्याच्या कुणा साहेबानं विचारलं, दोन पानं कशी? घरातली भांडणं पाहुण्याला सांगायची नसतात. तेव्हाचे सरपंच पटकन बोलून गेले, दोन सैन्यांची. तेव्हापासून तेच खरं झालं आणि आता तर छापून आलं होतं.

दोघींचे नवरे गेले. हट्ट मात्र बायकांच्या वाट्याला आला आणि त्यांनी तो घरातल्या देव्हाऱ्यासारखा सांभाळला. बोलणं नाही, बारशाला नाही, मयताला फक्त दारापर्यंत. तरी राहीचं काय चाललंय हे भामाबाईला कळायचं. संध्याकाळी दिवा लावायच्या निमित्तानं ती पुन्हा दगडापाशी जायची आणि राहीचं पान बघायची. धाकटा गेला त्या साली पानावर नुसता भात होता. कानिफनाथाचं, राहीच्या लेकाचं, लग्न ठरलं तेव्हा पोळीला वेलदोड्याचा वास होता. त्याआधी एकदा पोळ्या जाड आणि वाकड्या लाटलेल्या होत्या. हात दुखावला असणार, आणि लाटून द्यायला घरात कुणी नाही. पुढच्या साली भामाबाईनं आपल्या पानावर एक पोळी जास्त ठेवली. संध्याकाळी ती नव्हती. कावळ्यानं नेली असंल, असं तिनं स्वतःला सांगितलं. कावळा बाकीच्या पोळ्या सोडून एवढी एकच का नेईल, हा विचार तिनं केला नाही.

प्रशांत दुपारी जेवायला आला तो खुशीत. ताटावर बसता बसता म्हणाला,

"आई, उद्या काकूशी नीट बोल बरं का."

"तुला काय त्याचं?"

"काय म्हंजे? तुमचं मिटलं की आमचं मिटलं. कानिफदादाचं आन माझं सगळं बोलणं झालंय. आमावस झाली की मोजणी आणायची. पट्टी निम्मी-निम्मी. डाळिंबाची रोपं सांगून ठेवलीत."

"आन रन?"

"उत्तमरावांना रस्त्याकडंचा कोपरा द्यायचा. तिथं खांब, पाटी, झेंडा. फोटोला तेवढंच लागतं. ढीग काय, एका दिवसात सपाट व्हत्यात."

"दगड?"

"दगड उचलून कोपऱ्यात ठिवू. देव काय, कुटं बी बसतोय."

भामाबाईनं त्याच्या ताटात आमटी वाढली. वाटी भरून वाहिली तेव्हा तो "आगं, बास!" म्हणाला.

सकाळी पट्टीवर मंडप होता. सुट्टी मिळालेली पोरं दगडांच्या ढिगांवर चढून लढाई खेळत होती, पण मोगल व्हायला कुणी तयार नव्हतं. उत्तमरावांनी फेटा बांधला होता. संशोधक बाई वही उघडून उभ्या होत्या. मंडपाच्या एका खांबापाशी प्रशांत आणि कानिफनाथ शेजारी शेजारी टेकले होते. एरवी एकमेकांच्या सावलीत न उभी राहणारी ही दोन पोरं आज एकाच पुडीतली बडीशेप खात होती.

राहीबाई मावळतीकडून आली. भामाबाईनं तिला इतक्या जवळून कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. दात गेले होते. चालताना डावा पाय ओढत होती, आणि हे काही पानावरून कळलं नव्हतं.

दोघी दगडापुढं बसल्या. माईकवर उत्तमराव शौर्यावर बोलू लागले तशी राहीबाई पान मांडता मांडता पुटपुटली,

"आक्का, लई वाळलीस."

"तुझं तरी काय राह्यलंय? पायाला काय झालं?"

"वात." तिनं पोळीवर तूप सोडलं. "तुझी पुरनपोळी आजून तसलीच पातळ. त्या साली खाल्ली म्या."

"कावळा म्हनले मी."

"मीच कावळा."

भामाबाईनं दगडाला कुंकू लावलं, मग पुन्हा लावलं.

"राहे, पोरं मोजनी आननार हायेत."

"ठावं हाय. कानिफ काल ढीग मोजीत हुता, किती टिपर मुरूम निघंल म्हनून." राहीबाईनं तोंड न वळवता खांबाकडं पाहिलं. "आपलं मिटायचीच वाट बघून राह्यलेत दोघं."

"मंग?"

वर उत्तमराव म्हणत होते, "...आणि आता या दोन माउली एकमेकींना कुंकू लावतील, आणि शेकडो वर्षांचं वैर—"

राहीबाई ताडकन उठली, पाय दुखत होता तरी.

"आगं ये! माझ्या पानाला पाय लावतीस?"

भामाबाईनं आपल्या पायाकडं पाहिलं. पान तिथून चांगलं वीतभर दूर होतं. मग तिनं राहीच्या तोंडाकडं पाहिलं. दात नसलेलं ते तोंड रागानं वाकडं झालं होतं, पण डोळे लग्न होऊन घरात आलेल्या त्या पोरीचे होते, चुलीमागं लपून गूळ खाणाऱ्या.

भामाबाईनं पदर कमरेला खोचला.

"लावीन! माझ्या नवऱ्याची जागा हाय ही! तू कोन इचारनार?"

"तुझ्या नवऱ्याची? त्यो तर बैलापुढं झोपायचा!"

"आन तुझा? काठी घिऊन नाचायचा, तमाशातल्यावानी!"

"मी हाय तवर हितं नांगर लागू द्यायची न्हाई! बेलभंडारा उचललाय!"

"मी बी न्हाई! ज्यो मोजनीला येईल त्याच्यापुढं आडवी पडन!"

पोरं ढिगांवरून टाळ्या पिटू लागली. प्रशांतच्या हातातली बडीशेप तशीच राहिली. कानिफनाथ सरकत सरकत दुसऱ्या खांबाला जाऊन टेकला. उत्तमरावांनी माईकवर हात ठेवला, पण दोघींना माईकची गरज नव्हती.

संशोधक बाई उत्तमरावांजवळ आल्या. "सर, हीसुद्धा प्रथा आहे?"

उत्तमरावांनी दोघींकडं पाहिलं. फेटा जरा सारखा केला.

"हो," ते म्हणाले. "फार जुनी."

बाईंनी लिहून घेतलं.

संध्याकाळी मंडप निघाला होता. भामाबाई दिवा घेऊन दगडापाशी आली तेव्हा तिचं स्वतःचं पान कावळ्या-कुत्र्यांनी साफ केलं होतं. राहीचं पान मात्र दुसरं पान पालथं घालून झाकलेलं होतं, वर वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड. तिनं दगड बाजूला केला. आत एक पोळी होती, तुपात भिजलेली, एका बाजूनं जाड.

तिनं आधी दिवा लावला. मग मावळतीकडं पाठ करून, कुणी बघत असलंच तर दिसू नये अशी, तिथंच खाली बसून तिनं पोळी खाल्ली.