डीमला कर्ता हवा

मी एक जुना शब्द आहे. क्रियापद. नाव डीम. इंग्रजांच्या बोलीत हजाराहून अधिक वर्षे माझा मुक्काम आहे, तरी बाजारात किंवा चुलीपाशी मला आता कुणी हाक मारत नाही. मी नोटिशीत राहतो.

मित्रांनो, माझ्या आईचे नाव दोम, आजच्या इंग्रजीतले ‘डूम’. दोम म्हणजे निवाडा. तिचे मूळ ‘ठेवणे’ या अर्थाच्या धातूत आहे. तुमचे ‘विधी’ आणि ‘विधान’ही तिथलेच, म्हणजे आपण लांबचे नातलग. पुढे लोकांना जगाच्या अखेरचा निवाडा तेवढा लक्षात राहिला आणि आईच्या नावाचा अर्थ सर्वनाश झाला. बिचारीने कुणाचे वाईट केले नव्हते.

मी म्हणजे निवाडा करणे. लोक उघड्यावर जमत, दोन्ही बाजू ऐकत, मग कुणीतरी उभे राहून मला उच्चारी. मॅन बेटावर न्यायाधीशाला अजून डीमस्टर म्हणतात. बाकी ठिकाणी माझा आवाज उतरत गेला. ‘ठरवणे’ होतो, तो नुसता ‘वाटणे’ झालो. शेवटी कायद्याने मला ‘नसले तरी आहे असे धरणे’ या कामाला जुंपले. सोबत कर्ताही दिला नाही.

असाच मी इंग्लंडात यॉर्कशरमधल्या एका गावात, गावकऱ्यांना तुकड्या-तुकड्यांनी भाड्याने दिलेल्या भाजीच्या मळ्यांवरच्या लाकडी खोपटात, भिंतीवरच्या नियमावलीत होतो. तिथे हेटी क्लेगहॉर्न काठी टेकत आली. एकतीस वर्षे ती तिथल्या एका तुकड्यात रुबार्ब, ही आंबट देठांची भाजी, लावत होती. खुब्याचे हाड मोडून अकरा आठवडे ती इस्पितळात पडून होती आणि तुकड्यात गवत माजले. तो आता दुसऱ्याला जाणार होता.

“नियम आहे, हेटी,” मळ्यांच्या समितीचा चिटणीस सेल्विन म्हणाला. “आठ आठवडे मशागत नाही, तर मळा सोडला असं मानलं जाईल.”

“कोण मानणार?”

“मानलं जाईल म्हणजे... मानलं जाईल.”

“अरे, पण कोण? नाव सांग. मी जाऊन बोलते त्याच्याशी.”

“सापडला तर आम्हालाही दाखव,” चहा ओतता ओतता बेरिल म्हणाली. तीही समितीची सभासद. “सगळी कामं तोच करतो इथं, आणि कप एकदाही विसळत नाही.”

हेटी हसली नाही. “सेल्विन, तू सांग. तुला माहीत होतं मी कुठं होते. मी मळा सोडला असं तू मानतोस?”

सेल्विनने चष्मा काढून पुसला. पुसायला फार वेळ लागला.

“मी नाही मानत,” तो म्हणाला.

“मी तर मुळीच नाही,” बेरिल म्हणाली. “बस आता, पाय दुखेल.”

सेल्विनने पेन्सिल घेतली आणि भिंतीवरच्या नियमात माझ्या आधी बारीक अक्षरात लिहिले : ‘त्या व्यक्तीचे ऐकून घेतल्यावर, समितीने’. कित्येक वर्षांनी मला कर्ता मिळाला. गवत मात्र हेटीनेच उपटायचे ठरले, स्टुलावर बसून.

मित्रांनो, तुमच्याकडेही ‘मानण्यात येईल’, ‘गृहीत धरले जाईल’ असे कागद येतात. त्यातल्या शब्दांवर रागावू नका. आम्हाला कुणीतरी एकटे पाठवलेले असते. ‘कोण मानणार?’ एवढे विचारा. आणि कधी तुम्हीच कागद लिहायला बसलात, तर आधी त्या माणसाला घरात घ्या, बसवा, त्याचे ऐका. मग खुशाल माना, पण आपल्या नावाने माना.