निवळलेले पाणी

उमाकांतनं मेलेल्या कोंबडीची मान सरळ केली. सोडली तशी ती पुन्हा पाठीकडे वळली. मानमोडीच. लस टोचून तीन आठवडे झालेल्या कोंबडीला ती व्हायला नको होती.

"कितवी ही?"

"आमच्यातली शेवटचीच, अण्णा," ठकुबाई म्हणाल्या. "गल्लीतल्या धरून साठेक गेल्या."

एकोणसाठ सालापासून बंगळूरच्या प्रयोगशाळेत उमाकांतचे दिवस या लसीपायीच जात होते. तीच लस बसवनगुडीत टोचली होती आणि तिथल्या कोंबड्या खडखडीत होत्या. गोंधळ इथं होसकोट्यातच झाला होता, आणि खरं सांगायचं तर तो ठकुबाईंची चूक शोधायलाच आला होता.

"कसं केलंत, मला करून दाखवा."

ठकुबाईंनी ट्रंकेतून लसीचं मराठी पत्रक काढलं. त्या निपाणीकडच्या. गल्लीत वाचता येणाऱ्या त्या एकट्याच, म्हणून सगळ्यांनी आपापल्या कोंबड्या त्यांच्याकडून टोचून घेतल्या होत्या. आता त्यांच्या दाराशी कुणी थांबत नव्हतं. हे त्यांनी चूल फुंकता फुंकता सांगितलं.

पाणी उकळलं. त्यांनी ते चौपदरी फडक्यातून दोनदा गाळलं, वाटी उजेडाला धरून पाहिली आणि वाफ निघत असतानाच लसीची रिकामी कुपी तिच्यावर उपडी केली.

"गार नाही केलंत?"

"गार कुठं लिवलंय?" त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "उकळून निवळलेले पाणी. म्हणून निवळ केलं. माझ्याच हाताला यश न्हाई, बघा."

उमाकांतनं ओळ वाचली. त्याला लिहायचं होतं 'निवलेले', गार झालेले. पत्रक त्याचंच, मुद्रितंही त्यानंच तपासलेली. एक 'ळ' जास्त पडला होता आणि जिवंत लस कढत पाण्यानं वाटीतच मेली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं ते सगळं सांगितलं. ठकुबाईंनी त्या ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं.

"छापलेलं बी चुकतंय होय?"

समोरच्या कट्ट्यावर शेजारीण यल्लव्वा शेंगा निवडत बसली होती. उमाकांत तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. कानडी त्याला बाजारापुरतीच येत होती.

"अक्का, तप्पु नंदु," तो म्हणाला. चूक माझी आहे. मग ठकुबाईंच्या घराकडे हात करून, "अवरदल्ला." त्यांची नाही.

यल्लव्वानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. दारात उभ्या ठकुबाईंकडे पाहत तिनं शेंगांचं सूप मांडीवर ओढून घेतलं आणि कट्ट्यावर एका माणसापुरती जागा केली.