सगळ्यांची एकच जन्मतारीख

आमच्या बटणांच्या कारखान्यात दिव्याच्या उजेडात रंग निवडायची मनाई होती. दिवा फसवतो, म्हणायचे. मोठ्या खिडक्यांखाली लांबलचक टेबलं होती. तिथे बसून आम्ही पोरी ट्रेमधलं एकेक बटण उलटून बघायचो. पांढरं वेगळं, दुधी वेगळं, हस्तिदंती वेगळं. बाहेर ढग आले की हात थांबायचे आणि तोंडं सुरू व्हायची. मी त्या वेळात प्रश्न विचारायची. बटणाला चार भोकं कशाला, दोन पुरत नाहीत का? मुकादम शिट्टी गळ्यात कशाला अडकवतो, खिशात का ठेवत नाही? शेवटी सगळ्यांनी माझं नावच ‘कशाला’ पाडलं.

इतक्या वर्षांनी ते नाव परवा पुन्हा कानावर आलं, तेही आरोग्य विम्याच्या ऑफिसात.

माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो आणि सून लॉण्ड्रीत इस्त्रीच्या मशिनवर असते. आम्हा तिघांचा मिळून एकच विमा आहे. त्याचा हप्ता दरवर्षी थोडा थोडा वाढायचाच, पण यंदाचा आकडा बघून मुलाचा घास हातातच राहिला. सुट्टीची दुपार होती. मी आत आडवी झाले होते आणि दोघांना वाटलं, मला झोप लागली.

“आई पुढच्या टप्प्यात गेली ना वयाच्या,” मुलगा म्हणाला. “म्हणून एवढी उडी.”

“मग माझं नाव काढून टाका,” सून म्हणाली.

“वेड लागलंय का? आणि तुझे खडे?”

“खडे काय पळून चाललेत? मला काय धाड भरलीय! आईंचं नाव एकदा काढलं तर या वयात त्यांना पुन्हा कोण घेणार आहे?”

सुनेच्या पित्ताशयात खडे होते. काम करता करता ती कुशीवर हात दाबून उभी राहते, असं तिच्या शेजारच्या मशिनवरच्या बाईने मला सांगितलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर उरकून घ्यायला सांगितलं होतं आणि ही बाई स्वतःचंच नाव काढायला निघाली होती.

मला भरून यायला हवं होतं. आलंही, पण नंतर. आधी डोक्यात प्रश्न आला, की माणसाचा हा भाव ठरवतं कोण, आणि कसा? बटण जुनं झालं की त्याला कोणी विचारत नाही. माणूस जुना झाला की महाग कसा होतो?

त्यात आणखी एक गंमत होती. विमावाल्यांकडे माझं जे वय होतं, ते माझं नव्हतंच.

झालं होतं असं, की कारखान्यात फार लहान पोरींना घ्यायची परवानगी नव्हती आणि जरा मोठ्या बायका मालकाला नको असायच्या. सरकारी तपासणी येणार म्हटल्यावर कारकुनाने आम्हाला ओळीत उभं केलं आणि सगळ्यांना एकच जन्मतारीख देऊन टाकली. तारीख कुठली, तर कारखान्याचं उद्घाटन झालं ती. त्या दिवशी दरवर्षी अर्धी सुट्टी मिळायची, म्हणजे विसरायची भीती नाही. मी त्या एका दिवसात चार वर्षांनी मोठी झाले. पुढे कारखाना बंद झाला तेव्हा एका एजंटाने फाटकापाशी टेबल मांडून आमचे सगळ्यांचे विमे उतरवले आणि कारखान्याच्या नोंदीतलीच तारीख तिथे गेली.

शाळेचा दाखला मात्र मी जपून ठेवला होता. त्यात माझं खरं वय होतं. तारीख सुधारली तर मी मागच्या टप्प्यात जाणार, हप्ता खाली येणार आणि सुनेचं नाव राहणार. दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर दाखला पिशवीत घातला आणि निघाले.

ऑफिसात भिंतीला लागून लोखंडी खुर्च्या होत्या. आत पाऊल टाकते तोच कोणीतरी ओरडलं, “अगं, ही बघ, कशाला आली!”

ती मुकी होती. क्षणभरही गप्प बसत नसे म्हणून आम्ही तिला मुकी म्हणायचो. तिच्या शेजारी काठीवर दोन्ही हात ठेवून थोरली बसली होती. आमच्यात सगळ्यात मोठी, म्हणून थोरली. एरवी हप्ता मुलगा भरायचा, पण सगळ्यांची मुदत एकदमच संपायची, त्यामुळे मी आले की भेट व्हायचीच होती.

“तू अजून जिवंत आहेस होय?” थोरली म्हणाली.

“तुझ्या आधी कशी जाईन? रांगेत तू पुढे आहेस.”

मुकी एवढी खिदळली की काउंटरवरच्या बाईने मान वर केली. “आजी, तुमचा नंबर आला. जन्मतारीख सांगा.”

मुकीने तोंड उघडलं आणि सवयीने आम्ही तिघींनी एका सुरात तारीख म्हटली.

“तिळ्या बहिणी आहात की काय?”

“छे! पुष्कळ जणी आहोत,” मुकी म्हणाली. “बाकीच्या घरी आहेत.”

मुकी काउंटरवर गेली तेव्हा थोरली माझ्याकडे झुकली. “मागच्या वर्षी हृदयाच्या नळीत जाळी बसवली गं. सगळं विम्यातून झालं. त्या कारकुनाचं भलं होवो. माझं खरं वय कळलं असतं तर या लोकांनी मला उंबऱ्यातूनच परत पाठवलं असतं.”

माझा नंबर आला. काउंटरवरच्या बाईपुढे बसले आणि तोंडाला कुलूप लावायचं ठरवूनही विचारलंच, “आमच्या तिघांचा हप्ता तुम्ही कोणाच्या वयावरून काढता?”

“घरात सगळ्यात मोठं असेल त्यांच्या.”

“म्हणजे माझ्या सुनेलाही माझ्याच वयाची धरता?”

“तसंच म्हणायचं.”

“अहो, तिचा एक केस पिकलेला नाही आणि तुम्ही तिला म्हातारी करून ठेवलीत!”

बाई हसली. मग मी हळूच विचारलं, “समजा, एखादीच्या जन्मतारखेत चूक असली तर?”

“दाखला द्यायचा. पण तुमची तारीख कारखान्याच्या नोंदीतून आलीय. ती नोंद तपासावी लागेल.”

“फक्त माझी?”

“नोंद उघडली की सगळ्यांचीच तपासणार ना, आजी.”

मी मागे वळून पाहिलं. थोरली मुकीला काहीतरी सांगत होती आणि स्वतःच हसत होती. दाखला पिशवीत होता, माझं बोट त्याच्या कडेवर होतं.

“मग असं सांगा,” मी म्हटलं, “मी यातून बाहेर पडले आणि माझा वेगळा विमा काढला तर?”

तिने कॉम्प्युटरवर बोटं चालवली. मी नसले तर मुलाचा आणि सुनेचा हप्ता निम्म्याहूनही खाली येत होता. मला वेगळा विमा मिळत होता, जुनी वर्षं धरून. पण माझ्या पेन्शनमध्ये बसेल असा घ्यायचा तर तो आत्तापेक्षा पुष्कळच लहान, आणि दवाखान्याच्या प्रत्येक बिलातला वाटा मी भरायचा.

“तुम्ही म्हणता तशी तारखेत चूक निघून वय कमी झालं असतं, तर मोठा विमा परवडला असता,” बाई म्हणाली. ती माझ्याकडे जरा निरखून बघत होती. “तारीख बरोबर आहे ना तुमची?”

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “कारखान्याचं उद्घाटन झालं होतं त्या दिवशी.”

संध्याकाळी सून घरी आली आणि कागद बघून तडकलीच. “कोणाला विचारून हे केलंत? उद्या तुम्हाला काही झालं म्हणजे?”

“तेव्हाचं तेव्हा बघू. तू आधी दवाखान्यात फोन लाव.”

“आई, तुम्ही ना...” तिने कागद बाजूला ठेवले. मग कुशीवरचा हात काढून तिने फोन उचलला. पलीकडून ऑपरेशनचा दिवस मिळाला, पुढच्याच आठवड्यातला.

फोन ठेवायच्या आत मी तिला खूण केली. “विचार ना, काढलेले खडे घरी देतात का? मला बघायचेत, कोणत्या रंगाचे असतात ते.”

सुनेने फोनवर हात ठेवला. “तिथे आल्यावर गप्प बसणार असाल तरच तुम्हाला नेईन.”

“कशाला?” मी म्हटलं.