गंगम्माचा फिरकीचा तांब्या

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगतो, माझी कीव करू नका. भांड्यांच्या गोष्टीत भांडं नेहमी बिचारं असतं. माणसं त्याला वापरतात आणि मग अडगळीत टाकतात. मलाही टाकलं होतं, ते खोटं नाही. पण माझ्या गोष्टीत दुसरंच कुणीतरी उपाशी राहिलं, आणि त्यात माझा हात होता.

पाथरीच्या एका तांबटानं मला घडवलं. पितळेचा पत्रा ठोकून पोट गोल केलं, आतून कल्हई केली, गळ्याला आटे पाडले आणि त्यावर फिरवून बसवायचं झाकण दिलं. प्रवासात पाणी सांडू नये म्हणून अशी फिरकी असते. पूर्ण्याच्या स्टेशनजवळ किराणा दुकान असलेल्या सांबप्पाशी गंगम्माचं लग्न झालं, तेव्हा तिच्या वडिलांनी मला रुखवतात ठेवलं.

गंगम्माच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाण्यानं धुवायचं, भस्म आणि बेलाचं पान वाहायचं, आणि मगच तोंडात काही घालायचं. तोवर पाणीसुद्धा नाही. पूजेचं पाणीही कुठलंही चालत नाही. अंघोळ करून, आपल्या हातानं, आपल्या घरचं भरलेलं लागतं. त्याला मडीचं पाणी म्हणतात. हे पाणी गावोगाव वाहून न्यायचं काम माझं.

आणि मी ते केलं बरं का! वर्षातून एकदा दुकानाला कुलूप लावून सांबप्पा तिला परभणीला न्यायचा. पारदेश्वराचं दर्शन, मग बाजार, मग येसर आमटी आणि भाकरीचं जेवण. माझी फिरकी घट्ट करायचा तोच आणि देवळात सोडायचाही तोच. त्यासाठी तोही सकाळपासून उपाशी असायचा. गंगम्माची पूजा झाली की दोघं एका ताटात जेवायची. माझी फिरकी सोडायला तिला कधी जोर लावावा लागला नाही, म्हणून तिच्या मनगटात किती जोर उरला आहे हे कुणालाच कळलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी सांबप्पा गेला. मी माळ्यावर गेलो. आट्यांत हिरवा गंज साचला.

यंदा फेब्रुवारीत मुलगा शिवकांत पुण्याहून आला. बायको अनुपमा आणि चौदा वर्षांची ईश्वरी बरोबर. ईश्वरीनं परभणी धड पाहिली नव्हती. काय बघायचं आणि कुठं काय खायचं, याची यादीच तिनं मोबाईलवर केली. "आज्जी, तू पण यायचं," म्हणाली. गंगम्मानं आदल्या दिवशी मला माळ्यावरून काढलं, चिंच आणि राख लावून घासलं (आट्यांतला गंज तेवढा राहिला), आणि कुंपणापलीकडच्या अनसूयाबाईंना सांगितलं, "उद्या नातीसंगं जेवायचंय वो. ती पोरगी दोन दिवसांसाठी येती, अन् मी पूजेत असतानाच खाऊन मोकळी होती. एका टेबलावर बसून खाल्लंच न्हाई कधी." मित्रांनो, तिला एवढंच हवं होतं.

सकाळी सहालाच शिवकांतनं गाडीचा हॉर्न वाजवला. "माय, पूजा देवळातच कर की. उशीर व्हायलाय." गंगम्मानं अंघोळ केलीच होती. घाईघाईनं मला भरलं आणि पदरात धरून फिरकी फिरवली. ती तिरकी बसली. मला लगेच कळलं. पण तांब्याला नुसतं तोंड असतं, बोलता येत नाही.

वाटेत एका हॉटेलासमोर गाडी थांबली. गरम सुशीला, मिरचीची भजी, चहा. चुरमुऱ्यांचा हा सुशीला पुण्यात मिळत नाही, म्हणून शिवकांतनं दोन बशा खाल्ल्या. गंगम्मा मला मांडीवर घेऊन गाडीत बसली. ती खुशीत होती. दुपारी बघा म्हणावं माझा आहार.

पारदेश्वराच्या मंडपात एका कोपऱ्यात तिनं आसन टाकलं, लिंग तळहातावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं माझी फिरकी धरली. ती हलेना. लिंग पुन्हा डबीत ठेवून तिनं दोन्ही हात लावले. पदर गुंडाळून बघितला, गुडघ्यांत दाबून बघितलं. गंज आणि तिरके आटे, मी घट्ट आवळून बसलो होतो. मला सुटायचं होतं हो! पण इच्छेनं पितळ हलत नाही.

शिवकांत आला. "झालं का?"

"फिरकी बसलीय रे घट."

त्यानं हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. "मी खाल्लंय ना माय. मडीच्या तांब्याला कसा हात लावू?" लहानपणी भाकरी खाता खाता त्यानं मला हात लावला होता, तेव्हा गंगम्मानं त्याला थोबाडीत मारली होती. नुसते हात धुऊन चालत नाही, अंघोळ लागते, हा नियम तिनंच त्याला घोकून घेतला होता. आईचं दुसरं काहीही न ऐकणाऱ्या पोरानं नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं.

"बाटली आणू का पाण्याची? सीलबंद असती."

"न्हाई रे. ते कुठलं पाणी."

"मग बघ माय तुझं तू," म्हणून तो फोटो काढायला गेला. हट्ट तिचाही होता, ते मी नाकारत नाही. पण साठ वर्षांचा नेम एका झाकणापायी मोडायचा, हे तिला जमणारं नव्हतं.

दुपारी बाजारातल्या खानावळीत सगळी एका टेबलावर बसली. अगदी गंगम्माला हवं होतं तसं. येसर आमटीचा वास सुटला होता. ज्वारीची पातळ भाकरी, ठेचा, दही. वाढप्यानं चौथं ताट ठेवलं तसं अनुपमा म्हणाली, "त्यांना नको, त्यांचा उपवास आहे." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिला खरंच तसं वाटलं होतं. वाढप्यानं ताट उचललं. शिवकांत मोबाईलवर फोटो बघत होता. गंगम्मानं मला टेबलाखाली सरकवलं. भरल्या खानावळीत सुनेला खोटं कसं पाडायचं?

ईश्वरीनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तिच्या तोंडाजवळ नेला. "आज्जी, एकच घास. कसली भारी आहे!"

गंगम्मानं मान फिरवली. डोळ्यांत पाणी आलं ते ठेच्याच्या खकाण्यानं, असं म्हणाली. ईश्वरीनं तो घास स्वतः खाल्ला. मी टेबलाखाली होतो, पाण्यानं काठोकाठ भरलेला. त्या क्षणी मला वितळवलं असतं तर बरं झालं असतं.

परभणीत तेव्हा दर्ग्याचा उरूस भरला होता. पुढं त्या दुकानांत हलवा-पराठा झाला, बांगड्या झाल्या. पायरीवर बसलेल्या गंगम्माचा माझ्यासकट फोटो निघाला. फोटोत ती हसली आहे. तिला पुन्हा कुणी विचारलं नाही, कारण एव्हाना उपवास ठरून गेला होता.

दिवेलागणीला घर आलं. तिनं गार पाण्यानं अंघोळ केली, पूजा केली आणि आदल्या दिवशीचा अर्धा धपाटा खाल्ला. बाकीच्यांची पोटं भरलेली होती. सगळी टीव्हीसमोर पसरली होती.

दुसऱ्या दिवशी निघताना अनुपमा म्हणाली, "आई, हा तांब्या आम्ही नेऊ? हॉलमध्ये छान दिसेल."

"ने माय. मला आता कुठं जायचंय."

ईश्वरीनं मोबाईलवर काहीतरी शोधलं. किटलीतलं उकळतं पाणी माझ्या झाकणावर ओतलं, टॉवेल गुंडाळला आणि एक हिसडा दिला. मी उघडलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं मला मोरीत उपडं केलं. मडीचं पाणी भळाभळा वाहून गेलं. गंगम्मा चौकटीला धरून उभी होती.

"एवढं सोपं होतं माय," शिवकांत म्हणाला. "काल सांगायचं की."

"सांगितलं होतं की रे," ती म्हणाली आणि आत गेली.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना जपा, अशी विनंती मी करणार नाही. मला उद्या मोडीत घाला, हरकत नाही. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला गाव दाखवायला न्याल, तेव्हा त्याच्या ताटाकडं बघा. त्याच्या वतीनं वाढप्याला उत्तर देऊ नका. त्यालाच विचारा, आणि तो काय म्हणतो ते ऐकेपर्यंत थांबा.

इथं पुण्यात परवा शिवकांतनं फोन लावला होता. स्पीकर चालू होता, म्हणून मलाही ऐकू आलं. "माय, मे महिन्यात हैदराबादला जायचंय सगळ्यांनी. तुझं तिकीट काढू ना?"

"तुमी जाऊन या," गंगम्मा म्हणाली. "माझा त्या दिवशी उपवास हाय."

तारीख अजून ठरलेली नव्हती.