हिरुकावाचं बोट

लोखंडी दांडा दोन दिवस फ्रीजरमध्ये कात्सुओ माशाच्या तुकड्यांशेजारी पडून होता, आणि किनुएने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. एकेचाळीस वर्षं मेकॅनिकशी संसार केला की बायकोला कळतं, गारठलेलं लोखंड आकसतं, आणि आकसलं की तापवलेल्या भोकात निमूट जाऊन बसतं.

जपानच्या याइझू बंदरात तिच्या नवऱ्याची, हिरुकावाची, ख्याती होती ती याच कामासाठी. जुन्या मोटरसायकलचा पुढचा भाग म्हणजे काड्या; त्याजागी मोठ्या गाडीचे, पुढचं चाक धरणारे जाडजूड फोर्क हवेत, असं पोरांना वाटायचं. वाटायला काय जातंय! फोर्कचे दोन्ही पाय धरणारी टी असते, तिच्या मधोमध हँडलचा दांडा असतो, आणि मोठ्या गाडीचा दांडा जुन्या गाडीच्या मानेत कधी म्हणजे कधी बसत नाही. मग जुना दांडा प्रेसखाली काढायचा, नव्या टीत बसवायचा, वर-खाली बेअरिंगच्या वाट्या ठोकायच्या. केसभर तिरकं बसलं तर भरवेगात हँडल हातात राहायचं नाही. म्हणून लोक ओसाकाहून याइझूला यायचे.

तो दांडा जिच्यात बसवला, ती गाडी चिहारूची होती. हिरुकावाच्या मित्राची, बोटीवरच्या खानसाम्याची मुलगी. फुजिएदाच्या दवाखान्यात नर्स. दहा दिवसांची रजा काढून ती उद्या पार उत्तरेला नेमुरोपर्यंत जाणार होती, एकटी.

"काका, झाली?" ती सकाळीच येऊन उभी राहिली.

"झाली म्हणजे? हिरुकावाने हात लावलाय. बस, रीत पुरी कर."

रीत अशी, की पुढचं चाक अधांतरी उचलायचं आणि मालकाने एका बोटाने हँडल ढकलायचं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ते आपल्या वजनाने, न अडखळता गेलं पाहिजे. त्याआधी हिरुकावाचं बोट फिरलेलं असायचं आणि तो "हं" म्हणालेला असायचा.

चिहारूने बोट लावलं. एकदा. मग परत, डोळे मिटून.

"काका, मधोमध काहीतरी खटकतंय. दातात तीळ अडकल्यासारखं."

हिरुकावाने बोट लावलं. हँडल गेलं, आलं. त्याला काहीच लागलं नाही. तीळ सोडा, तिथे खडा असता तरी लागला नसता. चाळीस वर्षं ग्राइंडर धरलेले हात ते. गेल्या हिवाळ्यात बोटं पांढरी पडली होती आणि थंडी सरली तरी पुन्हा जिवंत झाली नव्हती. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"नवं बेअरिंग आहे," तो म्हणाला. "शंभर किलोमीटर पळव, बसेल आपोआप."

"बरं," चिहारू म्हणाली आणि हेल्मेट उचललं. "तुम्ही म्हणताय म्हणजे माझंच बोट चुकत असेल."

ते वाक्य हिरुकावाला भांडणापेक्षा जड गेलं. अरे, भांड ना जरा! बापाची एकुलती एक पोर तू! पण हे तो मनातच म्हणाला. त्याची त्यालाच लाज वाटली, तरी तोंड उघडेना.

"चिहारू, ते हेल्मेट ठेव खाली." किनुए हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. "अहो, खटकतंय ते. मीही सकाळी पाहिलं."

"तू?" हिरुकावा भडकला. "तू कधीपासून हँडल बघायला लागलीस? आपलं लोणचं बघ!"

"गेल्या हिवाळ्यापासून बघतेय. रोज. तुमची चहाची वाटी तिसऱ्यांदा हातातून सुटली तेव्हापासून."

चिहारू जमिनीकडे बघत होती.

"म्हणजे याआधीही..." त्याने विचारलं.

"तीन गाड्या."

"आणि त्या तशाच गेल्या?"

"तशा कशा जाऊ देईन? गिऱ्हाइकाला सांगायची, रंग वाळला नाही, परवा या. तुम्ही दुपारी आडवे झालात की टेम्पोत घालून शिमिझूला न्यायची. इशिगायाच्या गॅरेजात."

"इशिगाया?" हिरुकावाचा आवाज चिरकला. "तो डबे ठोकणारा?"

"हो, तोच डबे ठोकणारा. एका वाटीखाली लोखंडाचा कीस राहिला होता, तो त्याने काढला. पैसे घेतले नाहीत आणि कुणाकडे बोलला नाही."

वीस वर्षं ज्याची त्याने चारचौघांत टिंगल केली, त्याने हिरुकावाचं नाव सांभाळलं होतं. आणि बहिणीला भेटायला जाते म्हणून ही बाई टेम्पो हाकत होती. त्याला तिचा भयंकर राग आला. रागाखाली जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. ती नसती तर त्या तीन पोरांतलं एखादं आज जिवंत नसतं.

"पोरी," तो चिहारूला म्हणाला, "तुझं बोट बरोबर आहे. माझंच मेलंय. मला कळत नाही, आणि कळत नाही हे मला माहीत होतं. तरी तुला जा म्हणालो."

"काका, असू दे हो..."

"असू दे काय! नेमुरोला पोचली नसतीस तू!"

तो टेलिफोनपाशी गेला. नंबर बोटाला जमेना, तो किनुएने लावून दिला.

"हिरुकावा बोलतोय, याइझूहून."

पलीकडून इशिगाया खालच्या आवाजात म्हणाला, "बोला की, दादा. वहिनींची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. एक गाडी आहे. हँडल खटकतंय. वाटी तिरकी बसलीय, नाहीतर कीस असेल."

"पाठवा. वहिनींना म्हणावं, नेहमीसारखं मागच्या दाराने, दीड वाजता. माझी पोरं जेवायला गेलेली असतात, कुणाला कळत नाही."

हिरुकावाने डोळे मिटले. किनुए आणि चिहारू त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"नको," तो म्हणाला. "मीच आणतो. पुढच्या दाराने. पोरं असतानाच येतो."