दोन मिलिमीटरच्या आत

प्रणिताने माउस फिरवला आणि भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर स्पेनमधल्या एका धुणीघाटाचं तिने बनवलेलं त्रिमितीय मॉडेल हळूहळू वळलं. मधोमध लांब हौद, भोवती धुणं आपटायच्या चाळीस शिळा, वर कौलं. आंग मो किओमधल्या तिच्या ऑफिसच्या, एसीने गारठलेल्या मीटिंगरूममध्ये त्या स्पॅनिश गावाचे महापौर ओलार्ते पाय पसरून आरामात बसले होते.

"सुरेख," ते इंग्रजीत म्हणाले. "तुमच्या मॉडेलने आमच्या गावातल्या बायकांची तोंडं बंद केली."

"कुठल्या बायकांची?"

"घाट पाडू नका म्हणून ओरडतायत त्या. म्हणे प्रत्येक शिळेवर त्यांच्या आज्यांनी आपापली खूण कोरलीय. झिजलीय, शेवाळाखाली गेलीय, पण आहे म्हणे! मी वारसा समितीपुढे तुमचं मॉडेल ठेवलं. म्हटलं, दाखवा खूण. एक सापडली नाही. सोमवारी निकाल, मंगळवारी बुलडोझर."

हा गृहस्थ चौथ्यांदा महापौर झाला होता. पहिल्यांदा निवडून आला तो गावचा जुना बाजार वाचवायला बुलडोझरपुढे आडवा पडून. आता त्याच तोंडाने बुलडोझर मागवत होता, आणि त्याला त्याची लाजही नव्हती.

प्रणिताचा हात माउसवरच थांबला. खुणा दिसत नव्हत्या, कारण तिने त्या पुसल्या होत्या. या कामात सगळेच करतात तेच तिनेही केलं होतं. जागेचा लेसर स्कॅन आला की दोन मिलिमीटरच्या आतलं सगळं खडबडीत म्हणजे कचरा. एक बटण दाबायचं, दगड गुळगुळीत, ग्राहक खूश. महिन्यापूर्वी एका हाताने डबा खात तिने ते दाबलं होतं. शंभर वर्षं ज्या दगडावर धुणं आपटलं, त्यावरची खूण दोन मिलिमीटर खोल राहील कशी? एवढी साधी गोष्ट तेव्हा डोक्यात आली नव्हती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, जरा बाहेर या," ती तिच्या मॅनेजरला, निशिकांतला, मराठीत म्हणाली.

पँट्रीत त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे कॉफी मशीनचं बटण दाबलं.

"बरं मग? डिलिव्हरी झाली, त्यांनी सही केली. आपलं काय जातंय?"

"काय जातंय? खोटा पुरावा दिलाय आपण!"

"हळू बोल. आपण मॉडेल दिलंय. त्यांनी ते कशाला वापरलं ते त्यांचं ते बघतील."

"मूळ स्कॅन आहे माझ्याकडे. चूक सापडली तर समितीला कळवायचं, असं करारातच आहे."

"प्रणिता, तुझ्या इथल्या वर्क पासचं रिन्यूअल माझ्या टेबलावर आहे. तुझ्या लेकीची, अनुयाची शाळा आहे, पासिर रिसचा फ्लॅट आहे. त्या बायका तुझ्या कोण लागतात गं?"

"कोणी नाही. पण घाण मी केलीय, निस्तरणारही मीच."

ती तरातरा आत गेली. तिने मूळ स्कॅन उघडला आणि उजेड बाजूने तिरपा टाकला. शिळांवर रेघा उमटल्या. एक कंगवा, एक मासा, वाकडा क्रूस, घागरीसारखं काहीतरी. निशिकांत दारातच थांबला.

महापौर उठले. माउस तिथवर पोचायच्या आधीच त्यांचं बोट स्क्रीनच्या अगदी कोपऱ्यातल्या शिळेवर टेकलं. तिथे पुसटशी कात्री होती.

"तुम्हाला माहीत होतं," प्रणिता म्हणाली. तिचा आवाज चढला. "पहिल्यापासून माहीत होतं!"

"ही माझ्या आईची जागा." त्यांनी बोट काढलं नाही. "थंडीत तिच्या हातांना भेगा पडून रक्त यायचं. लोकांचे कपडे धुवायची. ज्यांनी तिथे एक रुमाल धुतला नाही, त्या बायका मला वारसा शिकवतायत. मला तो घाट डोळ्यांसमोर नको."

प्रणिताचा राग पुन्हा उसळला.

"मग तसं सांगा ना त्यांना! खुणा आहेत आणि तरीही मला पाडायचाय, असं तोंडावर सांगा. खुणाच नाहीत असं माझ्या नावावर का खपवता?"

तिने लॅपटॉप पुढे ओढला आणि समितीला लिहायला घेतलं. खुणा आहेत. त्या माझ्याकडून पुसल्या गेल्या. सोबत मूळ स्कॅन जोडला आहे. खाली स्वतःचं पूर्ण नाव.

"प्रणिता, तुझा पास..." दारातून निशिकांत मराठीत म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

"काय म्हणतायत ते?" महापौरांनी विचारलं.

"हे पाठवलं तर मला हा देश सोडावा लागेल, असं म्हणतायत."

महापौरांनी तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्या शिळेकडे. हलक्या आवाजात ते म्हणाले, "कोन्सुएलो. तिचं नाव कोन्सुएलो होतं. तेवढं त्यात घाला."

"ते तुम्ही सोमवारी समितीपुढे उभे राहून सांगा," प्रणिता म्हणाली. "हे पत्र माझ्या चुकीचं आहे."

आणि तिने ते पाठवून दिलं.