सशाचे कान

मी एक जुना, धुऊन धुऊन विरलेला दुपट्टा आहे. मित्रांनो, ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची.

त्याआधी मी सुखात होतो. कामरगावच्या सैफुद्दीनभाईंच्या दुकानातून इंद्रभानआबांनी मला घेतलं. "आबा, हा तुमच्याहून जास्त टिकन," भाई हसून म्हणाले होते. उन्हात मी आबांच्या डोक्यावर असे. संध्याकाळी नात वैजयंतीसाठी माझ्यात हरभऱ्याचे घाटे बांधून आणत.

त्या साली आबांची दाढ किडली. त्यांच्या पत्नी प्रयागबाईंनी मला आबांच्या हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली. माझी टोकं वर उभी राहिली.

"आबा ससा झाले!" वैजयंतीनं टाळ्या पिटल्या.

दुखणं असह्य झालं की आबा सरकारी दवाखान्यातली तातडीच्या उपचारांची खोली गाठत. सुई मिळे, गोळ्या मिळत. "यानं ठणका थांबेल, दाढ बरी होणार नाही. दातांच्या डॉक्टरांना दाखवा," सिस्टर दर वेळी बजावत. ठणका थांबला की आबा मला सोडून खांद्यावर टाकत.

"आता कायले जायचं? दुखून तं नाई राह्यलं."

"भेव वाटते म्हना ना सरळ!" प्रयागबाई चिडवत.

"दाढ काढली का नजर जाते म्हन्तात. मंग या पोरीचं तोंड मले कसं दिसन?"

सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत मला पुन्हा बांधलं. वैजयंती म्हणाली, "आजी, या सशाचे कान लहान झाले!"

सगळे हसले. मी तेवढाच होतो. जबडा सुजला होता. मला ते कळत होतं, पण कापडाला वाचा कुठली?

पुढे गाठच बसेना. आबांना पाणीही गिळता येईना. दवाखान्यातल्या त्याच खोलीत डॉक्टरांनी मला बाजूला सारून गळा पाहिला आणि लगेच अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. सून रूपाली सोबत गेली. पण दाढेतला पू गळ्यात उतरला होता, उशीर झाला होता. मी तिच्या मांडीवर परत आलो, आबा आले नाहीत.

सैफुद्दीनभाई भेटायला आले, त्यांनी माझी घडी घालून प्रयागबाईंच्या हातात दिली. पुढे वैजयंतीचीही दाढ किडली, तेव्हा रूपालीनं तिला कारंज्याला दातांच्या डॉक्टरांकडे नेऊन दाढ वेळीच भरून घेतली, ठणका थांबला होता तरीही. मित्रांनो, तुम्हीही थांबलेल्या दुखण्यावर विसंबू नका. आजोबांनाही हात धरून न्या.

प्रयागबाई मला उशाशी घेऊन निजतात. परवा वैजयंतीनं मला गाठ मारली, टोकं ओढून पाहिली आणि हळूच म्हणाली, "आजी, याचे कान तं तेवढेच आहेत."